मामूंच्या दंडावरची गाठ

माझे मामू ऑलिम्पिकमध्ये पोहले होते, हे दुबईत माझ्याशिवाय कोणाला खरं वाटायचं नाही. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास ते बेचाळीस वर्षांचे होते आणि बार्जवर हमाली करत होते. तेव्हा इथे मोठी गोदी नव्हती. जहाजं दूर समुद्रात उभी राहायची आणि माल बार्जवर उतरवून खाडीत आणावा लागायचा. सिमेंटच्या गोण्या वाहून मामूंचे खांदे सोलून निघायचे. मी एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात पंख्याखाली बसून त्याच गोण्यांचे कागद टाइप करायचो. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो स्वभाव अजून गेलेला नाही.

मामूंच्या उजव्या दंडाला एक मळकट हिरवं फडकं बांधलेलं असायचं. तो इमामजामीन. आमच्या रत्नागिरीकडे माणूस परदेशी निघाला की घरातली बाई कापडात नाणं गुंडाळून त्याच्या दंडाला बांधते. मुक्कामी सुखरूप पोहोचलं की ते सोडायचं आणि नाणं एखाद्या गरिबाला द्यायचं. मामींनी बांधलेली ती गाठ मात्र दोन वर्षं झाली तरी मामू सोडत नव्हते.

"ऑलिम्पिकला गेलो तेव्हा लंडनला उतरल्या उतरल्या सोडला होता," ते सांगायचे. "आणि पहिल्याच हीटमध्ये आपण खलास. पोहोचायच्या आधीच सोडला, ती माझी मिस्टेक. आता ढंगाचं काम मिळेपर्यंत नाही सोडणार. बोरी उठाना, ये क्या पहुंचना है?"

त्यांच्या मते त्यांच्या बरोबरचं कोणीच कुठे पोहोचलं नव्हतं. कुस्तीवाला गिरणीच्या फाटकावर पहारा करत होता. चारशे मीटर धावणारा रेल्वेच्या मालधक्क्यावर चिकटला होता. हॉकीवाल्याच्या घरी तर सोन्याचं पदक होतं, पण गुडघा गेल्यावर तो मेहुण्याच्या दुकानात सायकलींची पंक्चर काढत बसायचा. बडा घर पोकळ वासा, म्हणून मामू हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

मग साहेब लोकांच्या क्लबात पोहण्याचा तलाव बांधला, आणि तिथे माणूस हवा आहे असं ऑफिसात कळलं. मी क्लबाच्या साहेबाच्या हातापाया पडून मामूंसाठी वेळ मागून घेतली. मामूंची पाठ पार गेली होती. बार्जवर आणखी एक उन्हाळा ते काढतील असं मला वाटत नव्हतं, आणि दुसरं काम त्यांना कोणी देत नव्हतं.

त्या शुक्रवारी मामू ऑलिम्पिकचा ब्लेझर घालून आले. ऑगस्टातली दुबई आणि अंगात लोकर. साहेबाने त्यांचं ऑलिम्पिकचं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि पोहून दाखवा म्हणाला. मामूंनी कपडे उतरवले तेव्हा त्याने दंडाकडे बोट दाखवलं. ते घाणेरडं फडकं तलावात चालणार नाही, असा क्लबाचा नियम होता.

मामू माझ्याकडे वळले. "चल बेटा, घरी जाऊ."

माझं डोकं फिरलं. "एका चिंधीपायी? मामू, मरायचंय का त्या बार्जवर?"

मामूंनी दंड माझ्यापुढे केला. घाम आणि सिमेंट पिऊन गाठ दगडासारखी झाली होती, ती सुटेना. मी साहेबाच्या टेबलावरची कात्री घेतली आणि कापून टाकली. आत नाणं होतं, ते मुठीत धरलं.

मामू पोहले. इतकं सुंदर पोहणं मी पुन्हा पाहिलं नाही. पाणी वाजतसुद्धा नव्हतं. चार फेऱ्या झाल्या आणि साहेबाने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, शिकवायला तर विलायतेहून एक बाई येते आहे. मला माणूस हवा आहे तो जाळीने कचरा काढायला आणि फरशा घासायला.

मी विचारलं, "मग यांना पोहायला कशाला लावलंत?"

"साफ करताना पाण्यात पडला तर बुडू नये म्हणून," साहेब म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

मामूंनी इंग्रजीत आभार मानले आणि सोमवारपासून येतो म्हणून सांगितलं. ओल्या अंगावरच त्यांनी ब्लेझर चढवला. आज जिथे अल मनखूलच्या इमारती आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती. तिच्यातून आम्ही परत निघालो. कात्री मी चालवली होती, हे माझ्या मनातून जात नव्हतं. शेवटी मी मूठ उघडली आणि विचारलं, "मामू, हे कोणाला देऊ?"

ते थांबले.

"गरिबाला द्यायचं असतं," ते म्हणाले आणि त्यांनी आपला तळहात माझ्यापुढे धरला. "दे."

मी नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.