लोखंड लागलं तरच

सकाळी दूध उतू गेलं आणि ते कोणामुळे गेलं यावरून सासू-सुनेची जुंपली. सून गॅसपाशी उभी होती हे खरं, पण तिचं लक्ष दुधाकडे नव्हतं, सासूच्या तोंडाकडे होतं. सासू पाव चावत होती आणि सून डोळ्यांत तेल घालून तिचा जबडा न्याहाळत होती.

"तोंड नीट उघडतंय ना, आई?"

"उघडतंय. आणखी उघडून दाखवू?"

"मान आखडल्यासारखी वाटते का?"

"तू समोर आलीस की वाटते."

सुनेने ओट्यावरचं फडकं सिंकमध्ये आपटलं. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी, घरात या दोघीच, आणि परवापासून दोघींच्या मधोमध सासूचा उजवा अंगठा. अंगठ्याच्या बुडाशी चिंधी बांधली होती. चिंधीच्या कडेने कातडी लाल होऊन तुकतुकत होती. सासू तो हात मांडीखाली दडवून डाव्या हाताने पाव बुडवत होती आणि चहा टेबलभर सांडत होती.

तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे कात्री. गुलाबाच्या नर्सरीत तिचं उभं आयुष्य गेलं होतं. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातली कळी, भरायचं काम तिचं. चाकूने सालीला चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळून अंगठ्याने घट्ट दाबायचा. दुसऱ्यांचे निम्मे डोळे वाळून जात, हिचे फुटत. त्यामुळे कलमाच्या टेबलावर खिडकीजवळची जागा तिची होती आणि तिथे दुसरं कोणी टेकलं तर ती त्याला उभा चिरत असे. कामात हात धरणारं कोणी नव्हतं, तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. नव्या बाईच्या हातचं कलम पाहून ती म्हणायची, "हे रोप आहे की आजारी माणसाचा पाय बांधलाय?" नवी बाई रडायची. मावशी तिच्या हातातून पट्टी हिसकावून पुन्हा बांधून दाखवायची, वर म्हणायची, "रड, पण बघून रड."

परवा रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या कामट्या आणायला ती शेडमागे गेली. कामट्या शेणखताच्या ढिगात खोचून ठेवलेल्या. एक उपसताना मोडली आणि तिचं टोक अंगठ्याच्या बुडात खोल घुसलं. तिने ते दातांनी ओढून काढलं, हात पाइपखाली धरला, चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत डोळे भरले.

"औषधवाले काका म्हणाले..." सुनेने पुन्हा सुरुवात केली.

"तो औषधं विकतो. त्याला घसा खवखवला तरी सुईच दिसणार."

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे कोणीतरी ते मुठीने बडवलं. सुनेने कडी काढली तर दारात नर्सरीचा मुकादम. डोक्यावर हेल्मेट तसंच, चेहऱ्यावर आठ्या. आत या म्हणायची वाट न बघता तो आत आला आणि त्याने टेबलावर कागदाची एक पुडी टाकली.

"हा घ्या. मालक दहाला येतील. हा दाखवा, म्हणा हा लागला, दवाखान्याचे पैसे घ्या आणि विषय संपवा."

पुडीत खिळा होता. बोटभर लांब, गंजून लाल झालेला, टोकाला वाकडा.

सुनेला काही कळेना. तिच्याकडे पाहून मुकादमच म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे नियम आहे. लोखंड लागलं तर सुईचे पैसे, डॉक्टरची फी, मलमपट्टी, सगळं मालकाचं. जाण्यायेण्याचा वेळही भरून मिळतो. काटा लागला, काच लागली, काठी लागली, तर ज्याचं त्याने बघायचं. धनुर्वात लोखंडानेच होतो ना."

"कोणी सांगितलं?"

"मालकांच्या वडिलांपासून चालत आलंय. लागलेलं लोखंड आणून दाखवायचं, बस्स."

नर्सरी गुलाबांची. तिथे दिवसाला दहा काटे लागणार आणि लोखंड वर्षातून एखाद्या वेळी. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून हा खिळा निघाला. पाइपांच्या खोलीत दारामागे तारेला अडकवलेला असायचा. कोणाचा हात काट्याने सुजला की खिळा काढायचा, मालकाला दाखवायचा, पैसे घ्यायचे, खिळा परत तारेला. त्या एका खिळ्याने आजवर अर्ध्या नर्सरीला टोचलं होतं. मालक नुसता गंज बघायचा. खिळ्याचा चेहरा त्याने कधी लक्षात ठेवला नाही.

मावशीने पुडी बोटाच्या टोकाने दूर सारली. "मला कामटी लागली. मी खिळा दाखवणार नाही."

"तेच तर! परवा तुम्ही सगळ्या शेडभर ओरडत होतात, 'तुमच्या खिळ्याचा तमाशा बंद करा' म्हणून. मालकाच्या कानावर गेलं असतं तर? बायका माझ्या नावाने बोटं मोडतायत. म्हणतात, कात्रीला आवर घाल."

"कात्री म्हणतात का? तू काय म्हणतोस?"

मुकादमाने एकदाचं हेल्मेट काढलं. घामाने केस चिकटले होते. "मी म्हणतो, तुमची जीभ आत राहिली तर आमचं सगळ्यांचं भलं होईल. उद्या खरंच धनुर्वात होऊन तुमचं तोंड बंद पडलं ना, तर नर्सरीला सुट्टी जाहीर होईल."

"आणि तू भाषण करशील."

"करीन! तेवढी एक संधी मिळेल मला बोलायची."

सून हसली. हसू दाबायला उशीर झाला होता. सासूने तिच्याकडे असं पाहिलं की तिने बशी उचलून धुवायला घेतली. मग नळ बंद करून ओल्या हातांनीच ती वळली, आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत बोलली.

"तुमचा खिळा आणि तुमचा मालक राहू द्या बाजूला. काकांनी मला नीट सांगितलंय. लोखंडाचा काही संबंध नाही. ते जंतू मातीत असतात, शेणखतात असतात. खोल भोक पडून घाण आत गेली की झालं, मग ते काट्याने पडो नाहीतर कामटीने. आई, शेवटची सुई कधी घेतलीत?"

"तुझा नवरा पोटात होता तेव्हा."

"म्हणजे ज्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात तो." सुनेने कपाळावर हात मारला. "दहा वर्षांनी एकदा घ्यायची असते. जखम अशी घाण असेल तर पाच वर्षं उलटली तरी पुन्हा घ्यायची."

"आता काय उपयोग? चोवीस तास कधीच उलटले," मुकादम म्हणाला.

"हो ना," मावशी लगेच म्हणाली. परवापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"नाही उलटत काही! लवकर घेतलेली चांगली, पण उशीर झाला म्हणून घेऊच नये असं नाही. आजच जा म्हणालेत काका. जखम आतून साफ करावी लागेल. आणि आधीच्या सुयांचा पत्ता नाही म्हटल्यावर डॉक्टर आणखी एक वेगळी सुईही देतील, ती मात्र महाग असते. साधी सुई तर बिस्किटाच्या पुड्याएवढ्या किमतीची. खासगी दवाखान्यात फी आणि पट्टीचेच पैसे जास्त. सरकारी दवाखान्यात साधी सुई फुकट, दुसरी असली तर तीही फुकट. मग अडलंय कुठे तुमचं?"

मावशीने चिंधीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

कुठे अडलं होतं ते सुनेला माहीत नव्हतं आणि मुकादमाला पुरतं माहीत होतं. सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहायचं म्हणजे दुपार होणार. हंगामात जो न सांगता गैरहजर राहील किंवा रजा मागेल त्याची टेबलावरची जागा गेली, तो पिशव्यांत माती भरायला. मागच्या हंगामात एका बाईची अशीच गेली, तिला पुन्हा चाकू मिळाला नाही. खिडकीजवळच्या जागेवर मुकादमाच्या मेहुणीचा डोळा होता, हेही मावशीला दिसत होतं. खिळा दाखवला असता तर वेळ भरून मिळाला असता, जागाही राहिली असती. म्हणून तर तो घेऊन आला होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, हा मेहुणीचं भलं बघत असता तर घरी बसला असता. हे मनात आल्यामुळे ती आणखीच चिडली.

"चल," ती उठत म्हणाली. "मालकाकडेच जाते. तुझी स्कूटर कुठाय?"

"खिळा घ्या."

"ठेव तुझ्या खिशात. तुला बरा दिसेल."

तिने औषधाच्या जुन्या डबीत ठेवलेलं कामटीचं मोडकं टोक घेतलं. सून चपला घालून मागे धावली. सासू म्हणाली, "तू कशाला?" सून म्हणाली, "तुमचं तोंड बंद पडलं तर बोलायला कोणीतरी हवं ना," आणि स्वतःसाठी रिक्षाला हात केला.

मालक पत्र्याच्या ऑफिसात फोनवर कोणावर तरी खेकसत होता. फोन ठेवून त्याने वर पाहिलं. मावशी समोर, सून तिच्या मागे, मुकादम दाराच्या चौकटीत. मुकादमाने खिशातला हात मावशीच्या कोपराला लावला. हातात खिळा होता. तिने कोपर झटकलं.

"काय लागलं?" मालक म्हणाला.

"कामटी." तिने टोक टेबलावर ठेवलं.

"हे लाकूड आहे."

"मला दिसतंय."

"मुकादम सकाळी फोनवर म्हणाला, खिळा लागला."

मुकादम चौकटीत ताठ झाला. मावशीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "त्याने लांबून पाहिलं असेल. खिळा नव्हता."

"मग बाई, नियम तुम्हाला माहीत आहे. आणि लोखंडाच्या नावावर इथे बरंच काही चालतं असं मला हल्ली वाटायला लागलंय. आधी ज्यांनी दाखवले ते सगळे खिळे खरे होते ना?"

उन्हाने तापलेला पत्रा तडतडत होता. मुकादमाने खिळा पाठीमागे नेला.

"दुसऱ्यांचं मला विचारू नका," मावशी म्हणाली. "मी माझ्या हाताचं सांगायला आले. त्यात तुमचं शेणखत गेलंय."

"मग काय रोज शेणखतात हात घालणाऱ्या प्रत्येकाला रोज सुई देऊ? नर्सरी चालवू की दवाखाना?"

"रोज कोण मागतंय? बोलताना जरा..."

"आवाज खाली! तुमच्या आवाजाला कंटाळलोय मी. माणसं टिकत नाहीत तुमच्या टेबलावर. एक जागा रिकामी झाली तर सगळी शेड सुखाने काम करील."

सून पुढे झाली. मावशीने दुखऱ्या हाताने तिला थांबवलं, आणि त्या धक्क्याने अंगठ्यातून अशी कळ निघाली की तिला टेबलाची कड धरावी लागली. चिंधीवर ओल उमटली. मालकाने ती पाहिली आणि नजर फोनकडे वळवली.

तोंडावर आलेलं सगळं तिने गिळलं. गिळता येतंय, हे तिच्या लक्षात आलं.

"मला तुमचे पैसे नकोत," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता, इतका साधा होता. "सुई सरकारी दवाखान्यात मिळते. मला आज अर्धा दिवस जाऊ द्या, आणि परत आले की माझ्या जागेवर बसू द्या."