बाहेरून आणलेलं गवत

ती घटना आठवली की मी अजूनही अस्वस्थ होतो. तेव्हा मी जिवतीच्या डोंगराळ भागात ठाणेदार होतो. सकाळीच एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लोकाईनं एक माणूस समाजमंदिरात कोंडला. लवकर या, गाव तापलं हाये."

मी पोचलो तेव्हा समाजमंदिरात चाळिशीचा एक वनस्पती अभ्यासक घामाघूम होऊन बसला होता. पिशवीत वर्तमानपत्रांत दाबलेलं गवत. असे नमुने वाळवून जाड कागदावर चिकटवतात, कुठे सापडले ते खाली लिहितात आणि संग्रहालयात जपून ठेवतात, असं त्याने सांगितलं. ओळखपत्र खरं होतं. मी त्याची फिर्याद घेतली आणि बेकायदेशीर अडवून ठेवल्याबद्दल चौघांना ठाण्यात आणलं.

त्यात एक गोंड बाई होती. महिला शिपायासमोर तिचा जबाब सुरू केला. माझा आवाज चढला.

"गवतासाठी माणूस कोंडता? काय नेलं त्यानं तुमचं?"

"नेलं नाई साहेब. तो गवत आणून राह्यला होता. बकऱ्या चारताना म्या पाह्यलं. पिशवीतून काढलं, आमच्या माळावर रोवलं, फोटो काढला. मंग उपटून कागदात ठेवलं."

"तो असं कशाला करेल?" मी विचारलं.

"ते त्याले विचारा ना."

मी पंचांसमोर पिशवी पुन्हा उघडली. मुळांना बारीक पिवळी वाळू चिकटली होती. त्या माळाची माती काळी, पायाला चिकटणारी.

खोटं बोलणारा माणूस विचारण्याआधीच खुलासे देतो. हाही सकाळपासून तेच करत होता. मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, "हे गवत कुठलं?"

त्याने कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, "राजस्थानातलं. वाळवंटातलं."

एका कंपनीला तो माळ हवा होता. वाळवंटी गवताची नोंद झाली की जमीन ओसाड आहे असं दाखवता येणार होतं, आणि गावाचं चराईचं रान निकामी ठरणार होतं. त्याला कायम नोकरीचा शब्द मिळाला होता. सांगताना तो रडला.

"याआधीही असे नमुने केलेत? ते कुठे आहेत?"

"संग्रहालयात जमा झालेत."

त्याने फिर्याद चालवायची नाही असं लिहून दिलं. गावकऱ्यांना सगळं सांगून मी घरी पाठवलं. वरिष्ठांना अहवाल गेल्यावर कंपनीची पाहणी थांबली. त्या दिवशी ठाण्यातून निघताना ती बाई दारात थांबली होती.

"ते जमा झालेलं काढान ना, साहेब?"

मी हो म्हणालो.

संग्रहालयाला पत्र लिहिलं, नंतर स्मरणपत्रही पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि माझी बदली झाली. नोकरीभर मी गुन्हा शोधला तो काय नाहीसं झालं यावरून. इथे काहीच नाहीसं झालं नव्हतं, उलट भर पडली होती. ते गवत अजून एखाद्या कपाटात असेल, खाली त्या गावाचं नाव असेल, आणि वाचणाऱ्याला ते खरंच वाटेल.