बाबांच्या पिक्चरला दहा माणसं

माझ्या बाबांनी एका मराठी पिक्चरमध्ये काम केलंय, आणि परळच्या मॉलमध्ये त्याचा शेवटचा शो लागला तेव्हा आत आम्ही अकरा जण होतो. त्यातल्या दहा जणांनी बाबांचं काम बघितलं. अकरावा मी.

झालं असं, की आमची नायगावची चाळ पाडायला काढली. माणसं पांगली, कोण ट्रान्झिटला, कोण विरारला, कोण थेट वर. आणि रिकाम्या चाळीत शूटिंगवाले आले. त्यांना खरी चाळ पाहिजे होती आणि खरे म्हातारे पाहिजे होते. चाळ जागेवरच होती, म्हातारे शोधावे लागले. त्यात आमचे बाबा सापडले. वय अठ्ठ्याहत्तर, कंबर ताठ. गिरणीत होते तेव्हा कामगारांच्या नाटकात काम करायचे. (भाला धरून दरवाजात उभं राहायचं. पण दोन अंक सलग उभं राहायचं, हे ते आजही सांगतात.)

सीन असा होता. हिरो खूप वर्षांनी चाळीत परत येतो. जिन्याखाली तीन म्हातारे पत्ते खेळत बसलेत. त्यातला एक म्हणतो, "जपून चढ रे, तिसरी पायरी तुटलीय." बस! तो एक म्हणजे बाबा.

या एका वाक्यानं आमच्या घराची वाट लावली. बाबा महिनाभर तेच घोकत होते. ट्रान्झिटच्या बिल्डिंगला आम्ही लिफ्टनं जातो, तर लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला बाबा मागनं सांगायचे, "जपून चढ रे, तिसरी पायरी तुटलीय!" सातव्या मजल्यावरच्या बाई घाबरून चालत जायला लागल्या. शेवटी सेक्रेटरी घरी आला. म्हणाला, "दिनेशभाऊ, वडलांना डॉक्टरकडे दाखवून घ्या."

पिक्चर शुक्रवारी लागला. बाबा सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले.

मी म्हटलं, "बाबा, आज टेम्पोला भाडं आहे. उद्या जाऊ."

मी दादरच्या फुलबाजारात टेम्पो चालवतो. नववी नापास. (आठवीसुद्धा मास्तरांच्या दयेनं.) शनिवारी भाडं, रविवारी कंटाळा, सोमवारी टायर पंक्चर. मंगळवारी म्हटलं, "बाबा, कशाला एवढी दगदग? दोन महिन्यांत मोबाइलवर येतो हो! लोळत बघायचा!"

बाबा उठले. शर्ट काढून हँगरला लावला. बुधवारी परत घातला.

खरं सांगतो, मी थेटरात जाणं कधी सोडलं ते मलाच आठवत नाही. लहानपणी बाबा खांद्यावर बसवून न्यायचे, चाळीतली वीस-पंचवीस माणसं एकदम निघायची, हाउसफुलचा बोर्ड दिसला की बायका रडकुंडीला यायच्या. आता मी पिक्चर बघतो टेम्पोत, सिग्नलला, आणि जिथे बघू नये तिथेसुद्धा. सात-सात दिवस एकच पिक्चर पुरवतो. शेवट येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते!

बुधवारी संध्याकाळी संगीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाकरी थापता थापता मला धुतलं. "अहो, उद्या शेवटचा दिवस आहे. सकाळी दहा-चाळीसचा एकच शो उरलाय. त्यानंतर काढतायत. आई असत्या ना, तर आत्तापर्यंत सात वेळा बघून आल्या असत्या."

आईचं नाव निघालं आणि माझे बहाणे संपले. गुरुवारी भाडं सोडलं. बाबांनी कानात अत्तराचा फाया घातला आणि आम्ही तिघं दहा वाजता मॉलमध्ये हजर.

खिडकीवर युनिफॉर्म घातलेली मुलगी होती. कम्प्युटरकडे बघून म्हणाली, "सर, या शोचं अजून एकही बुकिंग नाही. कमीत कमी दहा जण झाले तरच लावतात. नाहीतर कॅन्सल."

"आम्ही तीन आहोत!"

"मग सात कमी आहेत सर."

मी म्हटलं, एवढंच ना? "दहा तिकिटं द्या! मीच घेतो सगळी!"

मागनं माझ्या शर्टाला ओढ बसली. बाबा.

"आणि सात खुर्च्ये रिकामेच?"

"मग काय झालं बाबा? शो तर लागेल!"

"खुर्च्ये काय टाळये वाजवतले?" बाबा म्हणाले. "माका माणसा होयी. नाय तर चल घराक."

आणि ते खरंच वळले. मी माझ्या बाबांना गिरणी बंद पडली तेव्हा बघितलंय, आई गेली तेव्हा बघितलंय. दोन्ही वेळेला माणूस ताठ होता. त्या दिवशी पहिल्यांदा खांदे जरा उतरल्यासारखे वाटले. एक आठवडा मी चालढकल केली होती. पापाचा धनी मीच.

"बाबा, बसा इथे," मी म्हटलं. "दिन्या माणसं आणतो."

खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सर, पंचवीस मिनिटं आहेत."

मी धावत खाली. बाहेर गजरे विकणारी मंगलमावशी, तिची फुलं रोज माझ्याच टेम्पोतनं येतात.

"मावशी, चल पिक्चरला!"

"मुडद्या, सकाळी सकाळी घेतलीस काय?"

"बाबांचा पिक्चर आहे ग! तिकीट माझं!"

"आणि धंदा?"

"सगळे गजरे मी घेतले!" मावशी उठली. चार.

कोपऱ्यावर दोन डिलिव्हरीवाले बाइकवर बसून ऑर्डरची वाट बघत होते. एक म्हणाला, "भाऊ, ऑर्डर आली की आम्ही मधेच निघणार." मी म्हटलं, निघा, पण आत शिरा आधी! सहा.

पलीकडे हॉस्पिटलच्या फुटपाथवर साताऱ्याकडचे दोघं बसलेले, दाजी आणि मेव्हणा. दाजींच्या भावाचं ऑपरेशन झालेलं, भेटायची वेळ चार वाजता, आणि तीन दिवस तिथंच चटईवर. मला विचारतानाच लाज वाटत होती. काळजीतल्या माणसाला कोणी पिक्चरला बोलावतं का? पण दाजींनी मधेच विचारलं, "आत गार हाय का?"

"एकदम गार!"

"खुर्चीला पाठ टेकती का?"

"झोपाल इतकी टेकते!"

"मंग चला. तीन दिस पाठ टेकली न्हाई." आठ.

शेवटची दोघं लिफ्टपाशी मिळाली. एक मुलगा, एक मुलगी, कॉलेजची. मी म्हटलं, "मराठी पिक्चर बघणार? अख्खं थेटर रिकामं आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "काका, नक्की रिकामं ना?"

दहा! माझ्या आयुष्यात मी कधी कशात दहापैकी दहा मिळवले नव्हते.

आत बसलो. बाबा मधल्या रांगेत, मधोमध. पिक्चर सुरू झाला. पण बाबा पडद्याकडे कमी आणि मागे वळून जास्त बघायचे. सारखं मोजायचे. अर्धा तास झाला असेल, तर मला म्हणाले, "नऊ आसत."

मी वळून बघितलं. दाजींची खुर्ची रिकामी! मेव्हणा घोरतोय. त्याला हलवला. "दाजी कुठे?"

"लघवीला गेल्यात. येतील."

मला घाम फुटला. अनोळखी मॉल, आठ पडदे, माणूस साताऱ्याचा. नक्की चुकला असणार! मी उठलो. संगीतानं हात धरला. "बसा की हो! आता बाबांचं येईल."

"आलोच! दोन मिनिटं!"

(ती दोन मिनिटं मी आयुष्यभर फेडणार आहे.)

बाथरूममध्ये कोणी नाही. बाजूच्या पडद्याचं दार उघडं, आत हिंदी मारामारी चाललेली. अंधारात चौथ्या रांगेत एक टक्कल चमकलं. दाजीच! मी वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हटलं, "काय हे? सगळे तिकडे तुमची वाट बघतायत. चला!"

माणूस ताडकन उठला. मान खाली घालून माझ्या मागनं आला. मी त्यांना आमच्या थेटरात आणलं, खुर्ची दाखवली, तर खुर्चीवर दाजी बसलेले! केव्हाच परत आलेले, चिक्की खात होते.

मी वळून बघितलं. टक्कल तेच, पण खाली टाय! तो हात जोडून म्हणाला, "सर, प्लीज, ऑफिसात सांगू नका. आज पहिल्यांदाच दांडी मारलीय. मी निघतोच."

"निघता कुठे?" मी म्हटलं. "बसा इथे!"

बिचारा बसला. मला ऑफिसचा माणूस समजून तो शेवटपर्यंत बसला. असे आम्ही अकरा.

मी माझ्या जागेवर आलो. बघतो तर सगळे शांत. बाबा सरळ पडद्याकडे बघतायत. संगीतानं माझ्याकडे असं बघितलं, की मला कळलं, सीन होऊन गेला. पण एवढी शांतता! म्हटलं, बाबांनी रडवलं वाटतं पब्लिकला!

इंटरव्हल झाला. दिवे लागले. आता बापाला सांगायचं कसं, की मी नव्हतो? मी ठरवलं, सांगायचंच नाही. उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "बाबा! काय काम केलंत! नुसत्या डोळ्यांनी! डोळ्यांत पाणी आणलंत हो!"

संगीतानं कपाळावर हात मारला.

मागनं दाजी म्हणाले, "डोळं कुठं दिसलं वो? पाठ हुती की नुसती."

तेव्हा कळलं. शूटिंगवाल्यांनी तिघा म्हाताऱ्यांच्या पाठीच ठेवल्या होत्या. तोंड नाही. आणि ते वाक्यही नाही, त्यावर गाण्याचं म्युझिक टाकलेलं! महिनाभर घोकलेलं, शर्ट इस्त्री केलेलं, सगळं सनईखाली गेलं.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बघितलंस मा?"

"हो तर! पाठ... म्हणजे पाठीवरनंच ओळखलं ना मी! एका झटक्यात!"

"बरा झाला मग," बाबा म्हणाले.

मला तिथे उभं राहवेना. मी पॉपकॉर्न आणायच्या निमित्तानं पळालो. लाइन मोठी होती. दोन्ही हातांत डबे घेऊन परत आलो, तर आतून टाळ्या ऐकू आल्या. चांगल्या जोरदार. दार ढोपरानं ढकललं. मंगलमावशी डोळे पुसतेय. ती कॉलेजची दोघं चक्क वेगवेगळी उभी राहून टाळ्या वाजवतायत. टायवाला शिट्टी मारतोय. आणि बाबा पडद्याखाली उभे, गळ्यात गजरा.

"काय झालं?" मी विचारलं.

संगीता म्हणाली, "दाजींनी विचारलं, तुमचं वाक्य काय होतं? तर बाबा पुढे गेले आणि म्हणून दाखवलं. असं म्हटलं ना अहो, की मला चाळीतला जिना दिसला."

"आणि मी?"

"तुम्ही पॉपकॉर्नला होतात."

नंतर दाजी बाबांचे हात धरून म्हणाले, "पाव्हणं, तीन दिसात आज पयल्यांदा ऑपरेशन इसरलो बगा." आणि बाबा मॉलच्या सरकत्या जिन्यावरनं एकटेच, कठडा न धरता उतरले.

दोन महिन्यांनी तो पिक्चर मोबाइलवर आलाच. परवा दुपारी जेवण झाल्यावर मी खाटेवर पडून तो सीन लावला. थांबवला. मोठा केला. जिन्याखाली तीन पाठी. तिघांचे पांढरे सदरे, तिघांची मान वाकलेली, तिघांचे केस सारखेच उडालेले. मी एकदा बघितलं, दहादा बघितलं. सेहेचाळीस वर्षं या माणसाच्या घरात जेवतोय, आणि मला त्याची पाठ सापडेना! विचारायचं तरी कोणाला? मी तर एका झटक्यात ओळखलं होतं.

तेवढ्यात बाबाच येऊन बाजूला उभे राहिले. "काय बघतंस?"

"तुम्हालाच बघतोय."

"दिसतंय मा?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. मी देवाचं नाव घेतलं आणि मधल्या पाठीवर बोट ठेवलं. "हे काय! हे तुम्ही!"

बाबा वाकून बघत होते. जरा थांबले. मग म्हणाले, "बरोबर वळाखलंस." आणि आत जाऊन पडले.

मला एवढा आनंद झाला! संगीताला हाक मारली, मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "बघ! बाबा! मी बरोबर ओळखलं, त्यांनीच सांगितलं!"

तिनं एकदा बघितलं. "हा? हा तर बाहेरून आणलेला म्हातारा. बाबा डावीकडचे. कॉलरच्या खाली मी घातलेला टाका दिसत नाही का तुम्हाला?"

मी टाका बघितला. मग आतल्या खोलीकडे बघितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

म्हणजे माझ्या बाबांनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं ते परवा दुपारी, माझ्यापासून हातभर अंतरावर, तोंड माझ्याकडे करून, फक्त माझ्या एकट्यासाठी. आणि तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत होतो.