अडतिसावं नाव

विमान कंपनीत यायच्या आधी ताईंनी एका शाळेत एकोणीस वर्षं वेळापत्रक लावलं होतं. कुठल्या बाईंना सकाळचा पहिला तास नको, कुठल्या सरांना शेवटचा, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं सांभाळून प्रत्येक वर्गाला गणित मिळालं पाहिजे. शाळा बंद पडली तेव्हा त्यांनी या छोट्या कंपनीत अर्ज केला. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "विमानांचं काही कळतं का?"

"नाही. पण नाराज माणसांचं कळतं," ताई म्हणाल्या, आणि नोकरी मिळाली.

कंपनीची विमानं नऊ, पायलट अडतीस. कोण कधी, कुठलं विमान घेऊन, कुठे जाणार याचं वेळापत्रक ताई लावायच्या. वैमानिकांच्या खोलीला लागून त्यांची अरुंद खोली होती. एक खिडकी, दोन फोन, संगणक, आणि टेबलावर पसरलेला मोठा कागद. संगणक काहीही म्हणो, ताई आधी कागदावर पेन्सिलीने मांडणी करायच्या. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत, माघारी घड्याळबाई. त्यांना दोन्ही माहीत होतं.

अकरा महिन्यांपूर्वी या अडतीस जणांत शेवटचं नाव लागलं ते त्यांच्या जावयाचं. तेव्हापासून त्यांची पंचाईतच झाली होती. तरुण पायलटांना त्या सरसकट 'अरे-तुरे' करायच्या. जावयाला घरी 'अहो-जाहो'. ऑफिसात काय म्हणावं हे न सुटल्यामुळे त्याच्याशी बोलायचं असलं की त्या चिठ्ठी पाठवायच्या.

मग मंदी आली. लोक प्रवास करेनासे झाले. दिवसाच्या बावीस फेऱ्यांच्या सात उरल्या. सहा विमानं मैदानाच्या कडेला ओळीने उभी राहिली, इंजिनांच्या तोंडाला लाल कापडी टोपणं लावून. पायलट ती बघायचं टाळत.

एके सोमवारी फलकावर सूचना लागली. नियमाप्रमाणे पायलटाने नव्वद दिवसांत निदान तीनदा विमान उडवून उतरवलेलं असावं लागतं. नाहीतर दुसऱ्या शहरातल्या सिम्युलेटरवर जाऊन पुन्हा तयारी करावी लागते. कंपनीने तिथे पाठवणं बंद केलं होतं. तीस तारखेला ज्यांची तीन लँडिंग भरलेली नसतील, त्यांची नावं 'राखीव यादीत' जातील, असं सूचनेत लिहिलं होतं. राखीव म्हणजे घरी, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. साहेबांना कोणाला 'जा' म्हणायचंच नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला की झालं.

अडचण अशी की फेऱ्या निवडायचा पहिला हक्क ज्येष्ठांचा. तसा करारच होता. वरच्या चौदा जणांनी सातही फेऱ्या आपसांत वाटून घेतल्या होत्या आणि खालचे चोवीस जण घरी बसून फोनकडे बघत होते.

ताईंनी त्या दुपारी सवयीने हिशेब मांडला. एका फेरीत जाऊन-येऊन दोन, म्हणजे नव्वद दिवसांत बाराशेहून जास्त लँडिंग होतात. अडतीस जणांना लागतात एकशे चौदा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ही टंचाई नव्हतीच. वाटप चुकलं होतं.

पायलटांच्या संघटनेचे अध्यक्ष, यादीतले पहिले, सगळे त्यांना 'मोठे कॅप्टन' म्हणत. ताई कागदाची गुंडाळी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"चौदा जणांनी आठवड्याला एकेक फेरी खालच्यांना द्यायची. तीनच आठवडे. बहात्तर लँडिंग लागतात, चौऱ्याऐंशी मिळतील."

मोठ्या कॅप्टननी चष्मा काढला. "आज आम्ही एक फेरी सोडली, की उद्या कंपनी म्हणणार, यांचं कमी फेऱ्यांत भागतंय. हक्क एकदा सोडला की परत येत नाही, ताई."

"हक्क सोडू नका. फेरी तुमचीच राहू दे. कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत तुम्हीच बसा, फक्त विमान उजवीकडच्या मुलाला उतरवू द्या. खालच्या चोवीस जणांतला कोणी कॅप्टन असेल तिथेच खुर्ची द्या. लेखी घेऊ, तीस तारखेपर्यंत."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तुमचा जावई तळाला आहे."

हे कोणीतरी म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी लागलं.

"आहे ना. म्हणून त्याचं नाव मी अडतिसावं लिहिलंय. सदतीस जणांचं झालं तर त्याचं. नाही झालं तर नाही."

मोठ्या कॅप्टननी कागद उलगडला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग ताईंचीच पेन्सिल घेऊन स्वतःच्या मंगळवारच्या फेरीभोवती गोल केला. "बाकी तेरा जणांशी मी बोलतो. तुम्ही बोललात तर वाद घालतील."

दोन आठवडे गाडी रुळावर होती. एकेकाची तीन लँडिंग भरत गेली. वैमानिकांच्या खोलीत पुन्हा चेष्टामस्करी ऐकू यायला लागली. आणि चोवीस तारखेला धुकं उतरलं. खिडकीतून समोरचं विमानही दिसेना. चार दिवस एक चाक हललं नाही. धुकं विरळ झाल्यावर ताईंनी राहिलेली नावं पुढे सरकवली, पण सरकवायला दिवसच उरले नव्हते.

एकोणतीस तारखेच्या सकाळी दोन नावं राहिली. एका तरुणीला एक लँडिंग हवं होतं, जावयाला तीनही.

त्यांची मुलगी वरच्याच मजल्यावर राहायची. ताई ऑफिसला निघाल्या तेव्हा तिने त्यांना जिन्यात गाठलं. "आई, तुझ्या हातात पेन्सिल आहे. धुकं हटल्यावर त्याचं नाव वर घेतलं असतंस तर?"

"तर दुसऱ्या कोणाचं तरी खाली गेलं असतं."

"लोक आपल्या बाब्यासाठी काय काय करतात!"

"म्हणूनच दुसऱ्यांच्या पोरांना कार्टं व्हावं लागतं," ताई म्हणाल्या. उत्तर बरोबर होतं, पण बसथांब्यावर आलेली पहिली बस त्यांनी तशीच जाऊ दिली. जावयाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. काल जेवताना त्याने फक्त विचारलं होतं, "आई, त्या मुलीचं होईल ना?" त्याने चिडायला हवं होतं, असं त्यांना उगाच वाटत राहिलं.

दहा वाजता फोन वाजला. मोठे कॅप्टन.

"ताई, आज चार टप्प्यांची फेरी माझ्याकडे आहे ना? जाताना दोन, येताना दोन."

"हो. बाराला."

"त्या मुलीला आणि तुमच्या जावयाला दोघांनाही पाठवा. पहिला टप्पा तिचा. मग ती मागे प्रवाशांत बसेल आणि पुढचे तीन त्याचे. मी हात मांडीवर ठेवून बसतो."

"पण कोणी म्हणालं की—"

"कोण म्हणणार? छत्तीस जणांचं झालंय, ते मी रोज फलकावर वाचतोय, आणि सदतिसावी ती आज त्याच्या आधी उतरवणार. सगळेच वाचतायत. चिठ्ठी नका पाठवू त्याला, फोन करा."

ताईंनी फोन केला. तो लगेच उचलला गेला. काय म्हणायचं हे ठरवायला वेळच नव्हता. "अरे, गणवेश घाल आणि ये. बाराला निघायचंय," त्या म्हणाल्या आणि मग जीभ चावली. पलीकडून हसू आलं. "आलो, मॅडम."

त्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. पहिला टप्पा उतरला, नियंत्रण कक्षातून निरोप आला. मग दुसरा. तिसऱ्याला वीस मिनिटं उशीर झाला, वाऱ्यामुळे. ती वीस मिनिटं ताईंनी आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलींना टोक काढण्यात घालवली. पावणेसहाला मैदानावर शेवटची चाकं टेकली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या खोलीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. ताई दार लोटून घेऊन बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

तीस तारखेला राखीव यादी कोरी निघाली. साहेबांनी ती दोनदा मागवून घेतली म्हणतात. मंदी काही एका दिवसात गेली नाही. पुढच्या महिन्यांत दोन जुन्या कॅप्टननी आपणहून लवकर निवृत्ती घेतली, आणि त्यातल्या एकाची ताईंना फार आठवण येते. पण घरी कोणाला पाठवावं लागलं नाही. हळूहळू तीन मार्ग परत सुरू झाले, ओळीतली दोन विमानं बाहेर निघाली.

परवा जावई जेवताना कुरकुरला. सलग चार दिवस पहाटेची फेरी लागली होती.

"आई, जरा बघा ना काही."

ताईंनी त्याच्या ताटात वाढता वाढता सांगितलं, "तक्रार ऑफिसात करायची. अर्ज लिहून, सहीसकट."

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.