रिकाम्या खुर्चीसमोरची परीक्षा

आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत फरशी बसवणारे एक मिस्त्री होते, परभणीकडचे. शेकडो फ्लॅटच्या फरश्या त्यांनी बसवल्या. स्वतः मात्र पुनावळ्याला पत्र्याच्या खोलीत राहायचे. गुडघे अजून चार-पाच वर्षं साथ देतील, त्याआधी गावाकडं पक्कं घर बांधायचं, हा एकच ध्यास. युद्ध चालू असलेल्या एका देशात कारागिरांची भरती निघाली, तेव्हा ते माझ्याकडे आले.

"अहो मिस्त्री, तिथं बॉम्ब पडतायत!"

"म्हणून तर आमच्यासारख्याला बोलावतेत, सर. नाहीतर कोण इचारतंय?"

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, उपदेशाची खोड जुनीच. दोन दिवस त्यांचं डोकं खाल्लं, मग हात टेकले आणि दुभाषा व्हायला तयार झालो.

परीक्षा मोबाईलवर होती. भर दुपारी एका रिकाम्या फ्लॅटमध्ये, तिकडच्या साहेबासमोर चार फरश्या बसवून दाखवायच्या. मिस्त्री फरशी टेकवायचे, हातोडीच्या दांड्याने ठोकायचे, कान लावून ऐकायचे. आवाज पोकळ आला की उचलून पुन्हा.

दुसऱ्या फरशीला फोनमधून भोंगा वाजला. साहेब खुर्ची ढकलून पळाला. पडद्यावर नुसती खुर्ची उरली, अजून फिरत असलेली.

हवाई हल्ल्याचा इशारा, हे मी ओळखलं. मिस्त्री मात्र खुशीत. इतकी वर्षं त्यांचा दिवस कंपन्यांच्या भोंग्यावरच चालत आलेला.

"जेवणाची सुट्टी झाली वाटतं त्यांची. आपण थांबायचं नाही सर, कामचोर म्हणतील."

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा तो उजळलेला चेहरा बघून मी नुसती मान डोलावली. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

मग ते खुर्चीला काम दाखवत राहिले. मध्येच फोनमधून लांबचा धप्प आवाज आला. मिस्त्री थबकले, खाली वाकले.

"पोकळ वाजली," म्हणाले, आणि चांगली बसलेली फरशी त्यांनी उचलली.

बऱ्याच वेळाने साहेब परतला. फरश्यांकडे त्याने नीट पाहिलंही नाही. कधी येऊ शकाल, एवढंच विचारलं.

मी मराठीत सांगितलं. मिस्त्रींनी सिमेंटचे हात जोडले.

"उद्या म्हणा, सर."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी 'उद्या' असंच सांगितलं.