काठीशिवायचा ताफा

"वहिनी, खरं सांगू? तुमचा खांदा उचलतच नाही आता. आम्ही बघायचं तरी कुठं?"

"बघायचं कशाला, भाऊजी? कान दिलेत की देवानं."

"माझं सोडा. माझी हयात गेली तुमच्या मागं वाजवण्यात. त्या नव्या पोरांचं काय? परवा तालमीत निम्मी आधी सुटली, निम्मी मागनं आली. गोठ्याचं दार उघडल्यावर शेरडं सुटतात तशी."

वहिनी हसल्या नाहीत. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, खिडकीशी बसून त्या कुणाच्या तरी व्हायोलिनच्या गजाला नवे केस लावत होत्या. घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस विंचरायचे, टोकाला गाठ मारायची, गजाच्या खाचेत बसवायचे आणि वरून लाकडाची इवलीशी पाचर ठोकायची. पोटापाण्याचा धंदा हा. बाकी व्हायोलिन वाजवायचं ते पंधरा जणांच्या ताफ्यापुढं उभं राहून. भाऊजी त्याच ताफ्यातले. पिंपाएवढा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच, चाळीस वर्षं पाठीवर वाहिला, म्हणून सगळे त्यांना पिंपवाले म्हणत.

"मग? पोरं म्हणतात काय?"

"काठीवाला आणायचं म्हणतात. रविवारचा कार्यक्रम बघायचा. घोटाळा झाला, की सोमवारी त्याला पत्र. त्या चष्मेवाल्या पोरीनं लिहूनसुद्धा ठेवलंय."

वहिनींच्या हातातली गाठ सुटली. काठीवाला म्हणजे समोर उभा राहून काडी हलवत सगळ्यांना हाकणारा. ह्या ताफ्याला तसला कुणी नव्हता, आणि ताफ्याची ऐट काय ती तेवढीच.

पूर्वी होता एक. वहिनी तेव्हा तेवीस वर्षांच्या. शाळेच्या व्यायामशाळेत तालीम चालायची. काठीवाला नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारा. एका दुपारी कुणाचा तरी सूर घसरला, तशी त्यानं काडी फेकली आणि दार आपटून गेला. येईल, येईल म्हणत अर्धा तास सगळी माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली. शेवटी वहिनींचा नवरा म्हणाला, "तोवर वाजवून तर बघू." पण सुरू कोण करणार? एक डोळा मारी, दुसरा मान हलवी, तिसऱ्याला हसू फुटे. नवरा वैतागला. "तोंडं बघितली की खिदळता काय! खुर्च्या फिरवा. पाठीला पाठ करून बसा."

बसले. मग त्यानं श्वास घेतला. त्याचा श्वास म्हणजे लोहाराचा भाता; घरात झोपला तरी शेजारच्यांना कळायचं. त्या श्वासावर सगळे गज एकदम पडले.

काठीवाला आठवड्यानं आला. दारात उभा राहून ऐकलं, कोपऱ्यातली काडी उचलली आणि गेला.

तेव्हापासून दर गुरुवारी पहिला अर्धा तास पाठ फिरवून तालीम. कितीतरी वर्षं. नवरा गेला आणि ती रीत वहिनींनीच मोडली. पाठ करून बसलं, की कान त्या भात्याची वाट बघायचे. मग त्या समोर उभं राहून खांद्यानं इशारा द्यायला लागल्या. नव्या पोरांची सोय झाली आणि सोयीनं माणूस आळसावतो. आता खांदा आखडला, तर दोष पोरांना काय द्यायचा?

गुरुवारी वहिनींनी तालमीत शिरताच खुर्च्या फिरवल्या.

"काकू, हा काय खेळ?" चष्मेवाली म्हणाली.

"खेळच. बस खाली. मी नाकानं श्वास घेईन, तेवढा धरायचा. दुसरीकडं ध्यान नको."

पहिल्या तीन वेळा पार फज्जा उडाला. एक जण तर शेजाऱ्याच्या श्वासावर सुटला. चौथ्या वेळी जमलं. पाचव्या वेळी पुन्हा फिसकटलं. तेवढ्यावरच रविवार उजाडला.

आणि शुक्रवारपासून वहिनींना सर्दी! दुपारी सभागृह भरलं. ताफा अर्धगोलात बसला, मध्ये वहिनी. व्हायोलिन बगलेत, हातात रुमाल. नाक पुसावं आणि मग सावकाश सुरू करावं असा त्यांचा बेत. पण नाक कुणाचं ऐकतं? रुमाल वर न्यायच्या आत त्यांनी एकदा जोरात सूं केलं.

आणि मागं पंधरा गज एकदम पडले. एका घावात लाकूड दुभंगावं, तसे साफ.

वहिनी रुमाल धरून उभ्याच. बरं, सुरुवातीची दोन मिनिटं ताफ्याचीच होती. त्यांनी नाक पुसलं, रुमाल खोचला, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. लोकांना वाटलं, अशीच रीत असेल. चाळीस वर्षांत ह्या ताफ्याचा आरंभ त्यांनी कधी नुसता ऐकला नव्हता. चांगला वाजत होता. नवरा असता तर हसून हसून गज खाली पाडला असता, एवढं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांची पाळी आली.

वाजवलं. वरच्या सुरांपाशी खांद्यातून कळ निघाली, हात मागं राहिला. तिथं ताफा थांबला, पाऊलभरच, वाटेत चप्पल अडकलेल्या माणसासाठी थांबावं तसा. मग सगळे बरोबर पुढं गेले.

आतल्या खोलीत चष्मेवाली धावत आली. "काकू, एवढ्या लवकर का सुरू केलंत? व्हायोलिन तरी वर घ्यायचं!"

"मी कुठं सुरू केलं? नाक वाहत होतं माझं."

मग पिंपवाले जे हसायला लागले, ते भिंतीला टेकून खालीच बसले. "अगं, ते पत्र फाड! नाहीतर काठीवाल्याऐवजी वैद्याला धाड!"

"फाडते," ती कान पकडून म्हणाली. "काठीवाला नको."

"नकोच," वहिनी म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी मध्ये तू उभं राहायचंस. हा खांदा काही माघारी यायचा नाही. आणि गुरुवारची पाठ चुकवायची नाही."

"आणि तुम्ही?"

"मी मागं बसेन. तुला नावं ठेवायला कुणीतरी हवंच की."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा बसला. सर्दीच होती म्हणा.

सोमवारी सकाळी चष्मेवाली जिना चढून आली. तिच्या गजाचे निम्मे केस तुटले होते.

"असा पिंजलेला गज घेऊन वाजवतेस होय?" वहिनी म्हणाल्या. "बुधवारी ये."

त्यांनी जुने केस कापून टाकले, नव्या केसांची जुडी सोडली, टोक दातांत धरलं आणि विंचरायला घेतलं.