नट मोजायची भाषा

माझे दीर टायरचं दुकान चालवतात. चाकाचे नट आवळताना ते आमच्या घरच्या भाषेत मोठ्याने मोजायचे आणि माझ्या मुलाला त्याची भयंकर लाज वाटायची. "काका, गिऱ्हाइकासमोर तरी तोंड आवरा," असं तो खेकसायचा.

एका दुपारी मी दिरांचा डबा घेऊन दुकानात गेले होते, तेव्हाच आमची भाषा बोलणाऱ्यांना चोपत फिरणारी टोळी आत घुसली. तोंडाला फडकं बांधून, ओळख लपवून आमचा कार्टाही त्यात सामील! सकाळी मीच इस्त्री करून दिलेला शर्ट होता अंगात. मी ओरडेपर्यंत त्याने काकांचाच पाना उचलून त्यांच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडलं. पण संतापाच्या भरात त्याच्या तोंडून शिवी गेली, ती आमच्याच भाषेतली.

सगळे थबकले. "कोण बोललं रे?" म्होरक्या गरजला.

"मी," दीर जमिनीवरून म्हणाले. तेवढ्यासाठी तोंडावर लाथ खाल्ली, दात रक्तासकट बाहेर आले.

आता नट माझा मुलगा आवळतो. आमच्या भाषेत, भर रस्त्यात, मोठमोठ्याने मोजतो. दीर शेजारी स्टुलावर बसून त्याला काम शिकवतात, त्या टोळीच्या भाषेत.